रूपाबाईचा पांढरा कांदा

रूपाबाईला राग यायला कारण लागत नाही, असं कुरुंद्याच्या आसपासच्या वस्त्यांवर सांगतात. सांगणारे खोटं बोलतात. कारण असतंच, फक्त ते सांगणाऱ्यानंच दिलेलं असतं, म्हणून त्याला ते दिसत नाही. बांध कोरणारा, पाटाचं पाणी मध्येच तोडणारा, हळद काढायला बायका हव्यात म्हणून दारात येऊन गोड बोलणारा आणि काम झालं की ओळख न दाखवणारा, असे सगळेजण तिच्या तोंडाला घाबरतात आणि मग म्हणतात, बाई फार तापट.

तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा वैजनाथ हिंगोलीत एसटी डेपोजवळ ऑटो चालवतो आणि आठवड्याला घरी येतो. घरात ती, सून कोमल आणि कोमलची लेकरं. ओढ्याकाठी जमिनीचा एक तुकडा, त्यात आखाडा म्हणजे पत्र्याचं एक खोपटं, दोन शेळ्या. माघ-फाल्गुनात हळद काढायला निघणाऱ्या बायकांची टोळी तिच्या शब्दावर चालते. त्या दोन महिन्यांत मोठमोठे बागायतदार तिला 'वहिनी' म्हणतात.

आणि तिच्याकडे एक कांदा आहे. चपटा, पांढरा, चावला तर आधी गोड आणि मग हळूच तिखट. नरसीच्या जवळच्या एका वाडीत तिचं माहेर. पहिल्या दिवाळीला माहेरी गेली तेव्हा आईनं साडीबरोबर या कांद्याचं बी दिलं होतं. साडी केव्हाच फाटली. कांदा चालत राहिला. चैत्र-वैशाखात ऊन लागलेल्या माणसाच्या डोक्यावर ठेचून बांधायला, लेकरांच्या खिशात घालायला लोक हाच कांदा मागून नेतात. नेतात आणि खातात. बी धरायचं मात्र आजवर एकालाही सुचलं नाही, कारण रूपाबाई आहे ना.

कांद्याचं बी मोठं नखरेल. ज्वारीचं बी राखेत घालून ठेवलं तर दम धरतं. कांद्याचं बी एक पावसाळा काढतं, दुसरा काढत नाही. म्हणून वाण राखायचा तर दरवर्षी राखावा लागतो. बी पेरायचं, रोप लावायचं, कांदे काढायचे, त्यातले चांगले निवडून पुन्हा जमिनीत लावायचे. मग त्यांना लांब दांडे येतात, दांड्यांवर पांढऱ्या फुलांचे गोंडे धरतात आणि गोंड्यांत नवं बी भरतं. एका वर्षी भादव्यात ओढा रानात शिरला आणि रोपाचा वाफा सडून गेला. घरातलं जुनं बीही दमट होऊन वाया गेलं. आखाड्यात टांगलेले कांदे तेवढे वाचले होते. तेच रूपाबाईनं कार्तिकात लावले. या गोंड्यांत बी भरलं तर कांदा राहणार होता. नाही भरलं तर आईकडून आलेला वाण तिच्या हातात संपणार होता. दुसरीकडे तो कुठंही नव्हता.

बांधापलीकडे किशनरावांचं रान. किशनराव म्हणजे गावातलं वजनदार घर, विहिरी दोन, हळद शिजवायचा स्वतःचा बॉयलर. त्या वर्षी त्यांनी एका बियाणे कंपनीचा प्लॉट घेतला. लाल कांद्याचं बी तयार करायचं, कंपनी सगळं उचलणार. प्लॉट घेतला तो नेमका रूपाबाईच्या बांधाला लागून, कारण तिथली जमीन निचऱ्याची. गावाच्या दुसऱ्या टोकालाही त्यांची तसलीच जमीन होती. पण आपल्याला हवं तिथं आपण करायचं आणि दुसऱ्यानं सरकायचं, ही त्या घराची जुनी रीत.

पौष सरता सरता दोन्हीकडचे गोंडे फुलायला लागले तेव्हा कंपनीचा माणूस मोटारसायकलवर आला. प्रमोद नाव, तरुण, बोलायला बरा. त्यानं बांधावर उभं राहून रूपाबाईचे गोंडे पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला.

"मावशी, हे गोंडे कापावे लागतील."

"काहून?"

"तुमचा कांदा पांढरा, आमचा लाल. माशी तुमच्या फुलावर बसती, तिच्या अंगाला पराग लागतो. मग ती उडून आमच्या फुलावर येती. बी मिसळतं. मिसळलं की कंपनी प्लॉट नापास करती."

"मंग माशीला सांगा की बांध कुठं हाय ते."

"मावशी, तसं कसं..."

"माजा कांदा हितं पयल्यापासून हाय. तुमचा कांदा काल आलेला पाव्हणा. अन् पाव्हणाच घरधन्याला म्हणून राहिला की तू बाहेर नीघ?"

किशनराव मागंच उभे होते. त्यांनी समजुतीचा सूर लावला. "वहिनी, तुमचे चार वाफे. कंपनीकडून तुमाला दुसरं चांगलं बी देतो की."

"चांगलं म्हंजी? माझं काय नासकं हाय?"

पुढं ती जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. प्रमोद मोटारसायकलकडे वळला. जाता जाता त्यानं किशनरावांना बजावलं की काही झालं तरी आता फुलात फवारणी करू नका, माशीशिवाय कांद्यात बी भरत नाही. कांद्याच्या एकाच फुलात पराग आधी पिकतो आणि त्याच फुलाची बी धरायची वेळ मागाहून येते. तोवर तिथला पराग वाया गेलेला असतो, म्हणून दुसऱ्या फुलावरचा कुणीतरी आणून द्यावा लागतो.

खरं तर प्रमोदचं म्हणणं उलट्या बाजूनंही तितकंच खरं होतं. इकडची माशी तिकडे जाते तशी तिकडची इकडेही येते, आणि लालाचा पराग पांढऱ्यावर पडला तर पांढऱ्याचंही बी मिसळणारच. पण हे कळायला डोकं थंड लागतं. रूपाबाईला तेवढंच ऐकू आलं की माझा कांदा कापायला निघालेत.

आणि किशनरावांना तर त्याहून कमी ऐकू आलं. त्यांच्या घरात सगळ्याची वाटणी बांधावरून होते. बोरीचं झाड कुणाचं, पाटातलं पाणी कुणाचं, चुलतभावाची म्हैस कुठवर चरेल, सगळं बांध ठरवतो. त्यांनी माश्यांचीही वाटणी केली. बांधाअलीकडच्या माश्या आपल्या, पलीकडून येणाऱ्या रूपाबाईच्या. बाई गोंडे कापत नाही तर तिच्या माश्या थोपवू, एवढी सोपी गोष्ट. दुकानातून फुलकिड्याचं जालीम औषध आणलं. आपल्याकडे विषाला औषध म्हणतात, म्हणजे मारणाऱ्याला डॉक्टर झाल्यासारखं वाटतं. आणि सकाळी दव सुकल्यावर, माश्या ऐन भरात असताना, गड्याच्या पाठीवर पंप देऊन बांधाकडच्या ओळी चिंब करून घेतल्या.

ओढ्याकाठच्या उंबरावर आग्या मोहोळ होतं. त्या एका मोहोळाच्या माश्या दोन्ही रानांत यायच्या, आणि पलीकडे करडईत, शेवग्यावर, वस्तीवरच्या दुधीभोपळ्याच्या वेलावरही जायच्या. किशनरावांच्या माश्या आणि रूपाबाईच्या माश्या रोज मुक्कामाला एकाच फांदीवर होत्या.

दुसऱ्या सकाळी रूपाबाई रानात गेली आणि बांधावरच थांबली. तिला आधी कळेना की काय चुकतंय. गोंडे उभे होते, ऊन चांगलं होतं. मग कळलं. आवाज नव्हता. फुलात आलेल्या कांद्यातून एकसारखी गुणगुण येते, ती इतक्या वर्षांत तिनं कधी मुद्दाम ऐकली नव्हती, आणि आज ती नाही म्हणून कान बधिर झाल्यासारखे वाटत होते. पाटाच्या कडेला पाण्यात माश्या पडल्या होत्या. काही अजून पाय हलवत होत्या. तिनं एक तळहातावर घेतली. तिच्या मागच्या पायांना पिवळे पराग तसेच चिकटून होते.

उंबराखाली तर सडाच पडला होता. दोन दिवसांत मोहोळाची काळी झूल विरळ होत गेली आणि उरलेल्या माश्या एका दुपारी उठून निघून गेल्या. फांदीवर नुसतं मेणाचं पांढरं पोळं लोंबत राहिलं. तारेवर ओळीनं बसणारे वेडे राघू माशी पकडायला यायचे, ते दिसेनासे झाले. शेवग्याची फुलं खाली गळायला लागली. कोमलच्या वेलावरचे दुधीभोपळे बोटाएवढे होऊन पिवळे पडले. आणि ज्या फुलकिड्याच्या नावानं हे विष आणलं होतं तो पंधरवड्यात पुन्हा आला, आधीपेक्षा जास्त, कारण त्याला खाणारे ढालकिडेसुद्धा त्याच पंपात मेले होते. माणूस एक धागा ओढायला जातो आणि सगळं लुगडं हातात येतं, तसं झालं.

रूपाबाई किशनरावांच्या खळ्यावर गेली तेव्हा बॉयलर पेटलेला होता. शिजलेल्या हळदीच्या वाफेत दहा-पंधरा माणसं काम करत होती. तिनं पदरात आणलेल्या मेलेल्या माश्या किशनरावांच्या खाटेवर ओतल्या.

"ह्या मोजा. तुमच्या कोणत्या अन् माज्या कोणत्या, वेगळ्या काढून दाखवा."

"वहिनी, माज्या रानात मी काय बी मारीन. माश्या काय तुमच्या दावणीच्या हायेत का?"

"न्हाईत. अन् तुमच्या बी न्हाईत. मंग मारल्या काहून?"

"प्लॉट वाचवायला."

"वाचला? जाऊन बघा की, वाचला का ते. फुलं उभी हायेत नवरीवानी नटून, अन् वऱ्हाड तुमी जाळून टाकलं!"

कुणीतरी हसलं. किशनरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते उठून उभे राहिले. रूपाबाईनं टोळीतल्या बायकांकडे पाहिलं आणि म्हणाली, "चला. ह्या खळ्यावर आजपासून आपला हात न्हाई." बायकांनी सुपं खाली ठेवली.

प्रमोद आला तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. आता एकच उपाय होता, माशीचं काम माणसानं करायचं. मऊ फडकं हातात घ्यायचं, दव सुकलं की एका गोंड्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर हलक्या हातानं फिरवत जायचं, फुलं असेपर्यंत रोज. किशनरावांचा अख्खा प्लॉट, आणि हळदीच्या दिवसांत बाईमाणूस मिळेना. अखेर त्यांनी माणूस पाठवून रूपाबाईकडेच बायका मागितल्या. तिनं निरोप दिला, "माशीला बोलवा म्हणावं."

स्वतःच्या वाफ्यात मात्र ती जुन्या धोतराचं फडकं घेऊन उभी राहिली. कसं करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. कुणाला विचारणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती एकच गोंडा घट्ट धरून चोळायची, फुलं चुरगळायची, चिडायची. "साठी आली माजी. देवानं दोन हात दिले ते काय माशी व्हायला?" असं पुटपुटत ती रोज उन्हात वाकून राहायची. बी धरण्याचं एकही लक्षण दिसेना.

कोमल हे पाहत होती. ती कमी बोलणारी, सासूच्या तोंडापुढे तर मुकीच. रूपाबाईवर आणि त्या कांद्यावर तिचा जीव होता. पहिल्या बाळंतपणात आठ दिवस अन्न जात नव्हतं तेव्हा सासूनं भाकरीबरोबर हाच कांदा बारीक चिरून भरवला होता. ती दुसऱ्या रानात हळद वेचायला जाते असं सांगून निघू लागली आणि दहा-अकराला परत येऊ लागली. आली की म्हणायची, "आत्याबाई, तुमी बसा. म्या करते." आणि ती करायला लागली की अगदी बरोबर करायची. हलका हात, एकावरून दुसऱ्यावर, पुढं, पुन्हा मागं.

"कुठं शिकली गं?"

"मोबाईलमधी बघितलं."

रूपाबाईनं तेव्हापासून तिच्या मोबाईलला शिव्या देणं बंद केलं.

चैत्रात गोंडे वाळले. रूपाबाईनं ते कापून चादरीवर झोडपले, सुपात घोळले, आणि सुपाच्या तळाला काळं, टोकदार, चमकदार बी उरलं. फार नव्हतं, पण दोन ओंजळी भरल्या. तिनं ते ओठांना लावलं. किशनरावांच्या प्लॉटात चार-पाच बायकांनी जमेल तेवढं केलं होतं. बहुतेक गोंडे पोकळ निघाले आणि कंपनीनं प्लॉट सोडून दिला. ही बातमी रूपाबाईनं स्वतः वस्ती-वस्तीवर जाऊन सांगितली. अशी खूश ती कित्येक वर्षांत झाली नव्हती. देवळासमोर किशनराव दिसले की मुद्दाम मोठ्यानं विचारायची, "काय कोमल, बी कुठं ठिवू गं? डबा बी पुरंना!"

पावसाळा सरताना बी पेरलं. रोप तरारून आलं. तिनं स्वतः एक-एक काडी लावली, पाणी दिलं, खुरपलं. त्या हिवाळ्यात उंबरावर पुन्हा एक मोहोळ बसलं, गेल्यापेक्षा लहान. रूपाबाई त्याच्याखालून जाताना आवाज करायची नाही, आणि किशनरावांच्या रानात पंप दिसला की आखाड्यातून धावत जायची.

फाल्गुन संपता संपता पाती माना टाकू लागली. कांदे काढायचा दिवस आला. ती वाकली, पहिली पात धरून उपटली. मातीतून कांदा निघाला तो लाल.

तिला वाटलं माती लागली असेल. अंगठ्यानं चोळलं. लालच. दुसरा उपटला, फिका गुलाबी. तिसरा लाल. चौथा पांढरा, पाचवा पुन्हा लाल. ती न थांबता उपटत गेली, ओळच्या ओळ, हात मातीनं माखले. पांढरा कांदा मध्येच कुठंतरी निघायचा, चुकून आल्यासारखा.

"हे कसं झालं?" ती ओरडली. "गोंड्यावर माशी तर एक बी नव्हती! माशी असती तर म्हणलं असतं, तिनं तिकडून आणलं. हे आणलं कुणी?"

कोमल जागेवरच बसली. मग तिनं सांगितलं, एका दमात, जणू ते सांगायला वर्षभर दम कोंडून बसली होती. ती हळदीला जात नव्हतीच. किशनरावांच्या प्लॉटात जात होती, बांधावरून दिसणार नाही अशा पलीकडच्या टोकाला, तोंडाला पदर गुंडाळून. प्रमोद तिथं बायकांना शिकवत होता, ते शिकून आत्याबाईंचा कांदा वाचवायचा म्हणून. तिथलं काम झालं की तेच फडकं घेऊन ती इकडे यायची. तिकडच्या फुलांवर पिवळी भुकटी भरपूर होती, आपल्याकडे कमी. फुलं तर दोन्हीकडची पांढरीच. तिनं आणखी चांगलं व्हावं म्हणून फडकं झटकलंसुद्धा नव्हतं.

"म्या वाईटाचं न्हाई केलं, आत्याबाई."

रूपाबाईनं तोंड उघडलं. किशनरावांना दिली होती ती एकेक शिवी तिच्या जिभेवर येऊन उभी राहिली. पण समोर कोमल होती. आणि 'प्लॉट वाचवायला' असं किशनरावही म्हणालेच होते. ज्याला त्याला आपलं बी वाचवायचं होतं, आणि माशी असती तरी हेच झालं असतं, कमी की जास्त ते कुणी सांगावं. कंपनीच्या त्या पोरानं बांधावर उभं राहून हेच सांगितलं होतं आणि तिनं त्याला हाकलून दिलं होतं. तिला भयंकर राग आला. पण तो नेमका कुणावर टाकावा ते तिला समजेना, आणि असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

बांधावरून किशनराव चालले होते. लाल कांद्यांचा ढीग पाहून थांबले. कदाचित त्यांना खरंच बरं वाटावं म्हणून बोलायचं असेल. "वहिनी, मनाला काहून लावून घेता? कांदा तो कांदा. बाजारात लालच जास्त चालतो."

रूपाबाईनं हाताला लागला तो कांदा फेकून मारला. तो त्यांच्या खांद्याला लागला आणि बांधापलीकडे त्यांच्या रानात जाऊन पडला. किशनराव खांदा चोळत निघून गेले.

"ऊठ," ती कोमलला म्हणाली. "रडू नको. पांढरे तेवढे येगळे काढ. गुलाबी न्हाई, मळकट न्हाई, एकदम पांढरे. ते कार्तिकात लावायचे. अन् यंदा बांधापलीकडं कुणी कांद्याचा गोंडा धरला तर माज्या मढ्यावरून जावं लागंल म्हणावं."

दोघींनी ऊन चढेपर्यंत निवड केली. पांढरे कांदे एका टोपल्याच्या तळाला मावले. लाल-गुलाबी कांद्यांचा ढीग आखाड्याच्या दारापर्यंत गेला. रूपाबाईनं पांढरे उचलून एकेक करून पाहिले, त्यातलेही काही बाजूला टाकले, आणि टोपलं आखाड्यात आत नेऊन ठेवलं.

मग जेवायला बसल्या. भाकरी सोडली, ठेच्याचा डबा उघडला. पांढऱ्याला हात लावायची सोय नव्हती. रूपाबाईनं ढिगातला एक लाल कांदा घेतला, दगडावर ठेवला आणि मुठीनं फोडला, जोरात, मनगट दुखेल इतक्या जोरात. एक फाक तोंडात घातली. चावली. थांबली.

कोमल तिच्या तोंडाकडे पाहत होती. "कसा हाय?"

कांदा रसरशीत होता. आधी गोड लागला आणि मग हळूच तिखट. कडू असता, पाणचट असता, तर तिनं तो सगळा ढीग शेळ्यांपुढे लोटला असता आणि मनात काही राहिलं नसतं.

"चांगला हाय," ती म्हणाली, आणि उरलेला कांदा तिनं आखाड्याच्या पत्र्यावर इतक्या रागानं भिरकावला की शेळ्या दावं तोडायला लागल्या.